बाबा उभे किती होते

माझे वडील किती उंच होते, हे मला सांगता येत नाही. हसू नका. मोशीतल्या एका छोट्या इंग्रजी शाळेत मी दुसरीला इंग्रजी शिकवते. वर्षानुवर्षं पोरांकडून टॉल, टॉलर, टॉलेस्ट घोकून घेतेय, आणि सख्ख्या बापाची उंची मला माहीत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "मध्यम." आत्या म्हणाली, "ताडमाड होता गं माझा भाऊ!" आत्यांना आपले भाऊ ताडमाडच दिसतात, त्यात काय. माझ्या लग्नाच्या फोटोत बाबा माझ्या शेजारी उभे आहेत, पण त्यांच्या डोक्यावर हा एवढा फेटा आणि मी पाटावर. आता काढा हिशेब.

कारण अगदी साधं आहे. बाबा मला आठवतात ते आडवे.

आमच्या या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. कारखान्यांची वीज त्या दिवशी बंद ठेवायचे, म्हणून सुट्टीही त्याच दिवशी, असं ऐकत आले. लग्नं, बारशी, घर बदलणं, सगळं गुरुवारी, कारण माणसं त्याच दिवशी मोकळी. शाळा मात्र सगळ्या जगासारखी रविवारी बंद. म्हणजे रविवारी मी घरी आणि बाबा कंपनीत, गुरुवारी बाबा घरी आणि मी शाळेत. मधल्या दिवसांचं विचारूच नका. फर्स्ट शिफ्ट असली की मी उठायच्या आत ते गेलेले, आणि संध्याकाळी आले की लगेच आडवे. सेकंडला मी झोपल्यावर यायचे. थर्ड असली की सकाळी यायचे ते थेट अंथरुणावर.

कासारवाडीला स्टेशनाजवळ आमची खोली होती. गुरुवारी मी धावत घरी यायची, आणि आई तोंडावर बोट ठेवून दारातच उभी. आठवड्याची झोप बाबा त्या एका दिवसात वसूल करायचे. डोकं ट्रंकेकडे, पाय मोरीकडे, मधे जागाच नाही. मोरीत जायचं तर त्यांना ओलांडावंच लागायचं. ओलांडलं की आईचे डोळे वटारलेले. "उलटी ओलांड आधी!" झोपलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, मग परत उलट्या बाजूनं ओलांडून ती सोडवायची. हे खरं तर लहान मुलांबद्दल म्हणतात. बाबांची खुंटायची ती केव्हाच खुंटलेली. पण आईपुढे कोण बोलणार? मी आपली इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या तळव्याला माझा तळवा लावून बघायची. कंपनीच्या बुटांनी त्यांच्या करंगळ्या वाकड्या झाल्या होत्या. मला त्या करंगळ्या आजही डोळ्यांपुढे दिसतात. उभे बाबा दिसत नाहीत.

तर, आमच्या पुस्तकात टॉल, टॉलर, टॉलेस्टसाठी तीन जिराफ काढलेत. आता मला सांगा, आमच्या पोरांनी जिराफ कुठं बघितलाय? ही पोरं भाड्याच्या खोल्यांतून येतात. कुणाचे वडील चाकणला, कुणाचे भोसरीला, कुणाची आई पॅकिंगला. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आपल्या घरातल्या तीन गोष्टी सांगा. एक साधी, दुसरी तिच्याहून भारी, तिसरी सगळ्यांत भारी." मला वाटलं, वाटी, तांब्या, बादली असं काहीतरी येईल. पहिल्या बाकावरनं एक हात वर.

"ट्रेनी, कॉन्ट्रॅक्ट, पर्मनंट!"

अख्खा वर्ग "हो, हो" करायला लागला. मी हात टेकले. व्याकरणात बसत नव्हतं, पण चूक तरी काय म्हणणार? मग दुसरी उठली. "थर्ड शिफ्ट इज बॅड, सेकंड शिफ्ट इज गुड, जनरल शिफ्ट इज गुडेस्ट." गुडेस्ट नाही गं बाई, बेस्ट. आठवडाभर गुडेस्ट काढण्यात माझ्या नाकी नऊ आले.

मग मी घरातल्या माणसांवर आले. "हू इज द टॉलेस्ट इन युवर हाउस?" खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. घरचे मराठवाड्यातून आलेले, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, बोलायची कमी. ती उभी राहिली.

"माय पप्पा इज टॉलेस्ट. सगळ्या शाळेत टॉलेस्ट."

झालं! तिच्या मागच्या बाकावर एक बोलघेवडा मुलगा होता. त्याचे वडील मोशीचेच मूळचे, कंपनीची बस चालवणारे, खरोखरच दाराला डोकं लागेल एवढे उंच. त्याला हे सहन होणार होय? "टीचर, हिच्या पप्पांना कुणी बघितलंच नाही. किती उंच आहेत, सांग की."

तिनं जरा विचार केला. "कपाटापासून ओट्यापर्यंत."

वर्ग फिदीफिदी हसला. ती मुळीच गडबडली नाही. उलट समजावून सांगायला लागली. पप्पा झोपले की त्यांचं डोकं कपाटाला लागतं आणि पाय ओट्याला. बाहेर जायला जागाच उरत नाही, एवढे मोठे आहेत. "आणि मी त्यांना ओलांडलं ना, की परत उलटी ओलांडते. म्हणून त्यांची उंची कमी नाही होत."

मी फळ्याकडे वळले. खडू हातात होता, पण काय लिहायचं ते सुचेना. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी, कुठल्या दुसऱ्याच खोलीत, एक पोर तेच करत होती जे मी केलं. आणि मला बाबांची इतकी आठवण आली की पोरांकडे तोंड करायला वेळ लागला.

तेवढ्यात मागचा शहाणा म्हणाला, "टीचर, गुरुवारी बोलवा ना सगळ्यांचे पप्पा. भिंतीला उभे करू. बघू कोण टॉलेस्ट." आणि मी, उत्साहाच्या भरात, म्हणून बसले, "हो, बोलावू या."

म्हटल्यावर आठवलं. कप्पाळ माझं! या मुलीच्या वडिलांना मी बघितलं होतं, प्रवेशाच्या वेळी. जेमतेम माझ्या कानाला लागत होते. आणि मी काही फार उंच बाई नव्हे.

मधल्या सुट्टीत ती बाकावर चढली, टाचा उंचावल्या आणि हात पोचेल तिथं, पंख्याच्या बटणांच्याही वर, भिंतीवर खडूची रेघ ओढली. "हे पप्पांचं," म्हणाली. मी रागवायला हवं होतं. बाकावर चढायचं नाही हा माझाच नियम. पण मी नुसतं "उतर खाली" म्हटलं. पुसून टाकतील म्हणून झाडलोटीच्या मावशींनाही सांगून ठेवलं, त्या भिंतीला हात लावू नका.

पहिल्या गुरुवारी काही वडील आले. इस्त्रीचे शर्ट घालून, केस चापून, शाळेत आपणच शिकायला आल्यासारखे अवघडून. पोरांनी त्यांना भिंतीला उभं केलं, खुणा केल्या. बसवाले काका सगळ्यांत वर. तरी मुलीची रेघ त्यांच्याही वरच राहिली. तिचे वडील आले नाहीत. गेटवर तिची आई म्हणाली, "मॅडम, ह्यांना सुट्टीच भेटली नाही बघा. लाइन चालू ठेवली, ओव्हरटाइम लागला. पुढच्या गुरुवारी नक्की." मी तोंडानं "अरेरे" म्हटलं, आणि मनात म्हटलं, सुटले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण ती मूठ पोरं कसली झाकलेली ठेवतात! पुढच्या गुरुवारी ती सकाळपासून दाराकडे तोंड करून बसली. मी तीनदा "फळ्याकडे बघ" म्हटलं असेल. फळ्याकडे बघायची आणि परत मान दाराकडे. शाळा सुटायची वेळ आली तरी कुणी आलं नाही. मागचा म्हणाला, "हिला पप्पाच नाहीत. उगाच फेकते."

ती वळली आणि त्याला कडकडून चावली.

काय गोंधळ! त्याच्या दंडावर दातांची कमान उठलेली, तो भोकाड पसरून रडतोय, आणि ही नुसती उभी, ओठ घट्ट मिटून. मी दोघांनाही झापलं. त्याला बोलल्याबद्दल आणि हिला चावल्याबद्दल. "सॉरी म्हण," म्हटलं तर म्हणाली, "आधी त्याला म्हणायला सांगा की मला पप्पा आहेत." शेवटी त्यानं मुसमुसत म्हटलं, "आहेत." मग हिनं सॉरी म्हटलं.

त्या दिवशी माझं मन पालटलं. बुटके तर बुटके, पण तिच्या बापानं एकदा या दारातून आत यावं, एवढंच मला वाटायला लागलं. शाळा सुटल्यावर गेटवर मी तिच्या आईला बाजूला घेतलं. "कामावरून थेट येऊ देत. अवतार कसाही असू दे. पाच मिनिटं आले तरी चालेल, पण येऊ देत." तिला वाटलं पोरीनं काही मोठा गुन्हा केलाय. मी सांगितलं, तसं काही नाही, वाट बघते ती.

आणि पुढच्या गुरुवारी ते आले. थर्ड शिफ्ट करून, चाकणहून थेट. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, बाहीला ग्रीसचा डाग, पाठीला डब्याची बॅग. दारात बूट काढले आणि वाकूनच आत आले, मोठ्या माणसांच्या बैठकीत उशिरा आलेला माणूस वाकून येतो तसे. "लई उशीर झाला का, मॅडम?" मी म्हटलं, नाही, नाही, बसा. वडिलांसाठी मागे भिंतीशी सतरंजी टाकली होती. बसवाले काका पोराच्या हट्टापायी पुन्हा येऊन आधीच तिथं बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. दोघं शेजारी बसले तेव्हा फरक कुणालाही दिसला असता. मागच्या बाकावरच्या पोरालाही दिसला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग वरच्या रेघेकडे, आणि गालातल्या गालात हसला.

मुलगी मात्र वडिलांकडे बघून नुसती फुलली होती. इतकी की मी तिला तशी कधीच बघितली नव्हती.

मी धडा लांबवला. खरं सांगते, मुद्दाम. बिग, बिगर, बिगेस्ट घेतलं, लाँग, लाँगर, लाँगेस्ट घेतलं, मागचं सगळं पुन्हा घेतलं. भिंतीपाशी जाण्याची वेळ येऊच नये असं वाटत होतं. एकदा मान वर करून बघते तो काय, तिच्या वडिलांची हनुवटी छातीवर टेकलेली. थोड्या वेळानं ते एका बाजूला कलले. आणि मग, अगदी सावकाश, सतरंजीवर आडवे झाले. बॅग उशाला आली, पाय लांब झाले. एकदा मोठा श्वास सोडला आणि लागले घोरायला.

पोरं खुसखुसली. बसवाले काका त्यांना हलवायला गेले, तेवढ्यात ती मुलगी बाकावरून उठून धावली. "नका उठवू! टीचर, पप्पांना उठवू नका." तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि वर्गाकडे वळली. माझी आई दारात उभी राहायची ना, अगदी तशीच. आणि सगळा वर्ग गप्प झाला हो! जो वर्ग हेडबाईंना दाद देत नाही तो.

तिला त्यांची झोप मोडायची नव्हती, की त्यांना भिंतीपाशी न्यायचं नव्हतं? मला आजही ठरवता येत नाही. मी तिला कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

मग आम्ही कुजबुजत शिकलो. मी फळ्यावर लिहायचे, पोरं नुसते ओठ हलवायची. ज्याला पाणी प्यायला बाहेर जायचं होतं तो त्यांच्या पायांपाशी येऊन अडायचा, कारण पाय पार दारापर्यंत आले होते. मुलगी प्रत्येकाला हातानं वळसा दाखवायची. बाकांमधून, भिंतीला चिकटून, अंग चोरून पोरं जात होती. एकानंही त्यांना ओलांडलं नाही. आणि मधेच मी बघितलं, ती खाली बसली होती आणि वडिलांच्या उघड्या तळहाताशेजारी स्वतःचा तळहात उताणा ठेवून बघत होती. लावला नाही, जागे होतील म्हणून. नुसता शेजारी ठेवला.

मला त्या क्षणी माझे बाबा हवे होते. बाकी काही नको. झोपलेले असते तरी चाललं असतं. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले असते, आईनं हाक मारली तरी उठले नसते. एवढी मोठी बाई मी, पोरांची टीचर, आणि डस्टर तोंडापाशी धरून खोकल्याचं सोंग करत उभी होते.

घंटा झाली तसे ते दचकून उठले. आधी कुठं आहोत तेच कळेना. मग ओशाळले, शर्ट खाली ओढला. "डोळा लागला बघा, मॅडम. झालं का मोजून?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "झालं. तू टॉलेस्ट आलास, पप्पा."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. खाली सगळ्यांच्या खुणा, आणि पार वर, बटणांच्याही वर, ती एकटी रेघ. मग शेजारी उभ्या असलेल्या बसवाल्या काकांकडे मान वर करून बघितलं. "ते वरचं? ते माझंय?"

मुलगी जमिनीकडे बघत होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आता ज्यानं बोलायचं तो बोलणार, मला ठाऊक होतं. चावा विसरायचं त्याला काही कारण नव्हतं.

"हो काका," मागचा पोरगा म्हणाला, दंड चोळत. "तुमचंच आहे ते."

"व्हय की," त्याचे वडील म्हणाले. "आमी तर पार खालीच ऱ्हायलो, राव."

मुलीचे वडील हसले, मान खाली घालून, लाजल्यासारखे. पण बूट घालून निघाले तेव्हा आले तसे वाकून गेले नाहीत. ताठ गेले. मुलीनं त्यांचं बोट धरलं होतं आणि चालता चालता मान वर करून ती सारखी त्यांच्याकडे बघत होती. वळणाशी टेम्पो आडवा आला आणि दोघं दिसेनाशी झाली.

मी घरी गेले नाही. बस धरली आणि कासारवाडीला आईकडे गेले. आई अजून त्याच खोलीत राहते. मेथी निवडत बसली होती. "आज कशी काय मधेच?" म्हणाली. मी चप्पल काढली आणि दारातूनच विचारलं, "आई, बाबा केवढे होते गं?"

"म्हणजे?"

"उभे. उभे राहिले की केवढे?"

तिला वाटलं पोरीला ऊन लागलं. पण माझा चेहरा बघून तिनं काही विचारलं नाही. मेथीची काडी खाली ठेवली, पदराला हात पुसले, गुडघ्यावर रेटा देत उठली. खोलीच्या मधोमध, जिथं बाबा निजायचे तिथंच, उभी राहिली. डोळे मिटले. मग उजवा हात वर नेला, तळवा खाली करून. थोडा आणखी वर. मग बोटभर खाली.

"एवढे," म्हणाली.

मी जाऊन त्या हाताखाली उभी राहिले. माझ्या डोक्यात आणि तिच्या तळव्यात चार बोटं जागा होती. तिनं हात खाली घेतला नाही, आणि मीही तिथून हलले नाही.